दिवाळी अंकात अमेरिकन घोडा चालेल का? डॅन पॅचबद्दल मदत हवी आहे

परळकर

मंडळी नमस्कार. आमच्या सोसायटीचा दरवर्षी छोटासा दिवाळी अंक निघतो, निम्म्या पानांवर ज्वेलर आणि क्लासवाल्यांच्या जाहिराती असतात ते सोडा, पण यंदा मला दोन पानं मिळालीयत आणि मी विषय दिलाय डॅन पॅच. अमेरिकेत शंभरेक वर्षांपूर्वी गाजलेला हार्नेस रेसिंगचा घोडा, म्हणजे पाठीवर जॉकी नाही, मागे दोन चाकांची हलकी गाडी आणि त्यात बसलेला ड्रायव्हर. मीटिंगमध्ये नाव काढल्याबरोबर एक काका म्हणाले, घोड्यावरच लिहायचंय ना, मग चेतक काय वाईट आहे? तिथपासून वाद चालू आहे.

मला हा विषय का सुचला तर वडील बरीच वर्षं महालक्ष्मी रेसकोर्सला टोटच्या, म्हणजे पैज लावायच्या खिडकीवर होते. त्यामुळे घरात घोड्यांची नावं नातेवाइकांसारखी घेतली जायची, आणि स्क्वॉन्डरर या घोड्याचं नाव निघालं की बाबा अजूनही "१९ पैकी १८" (जिंकलेल्या शर्यती) एवढंच बोलतात आणि गप्प होतात. पण आमच्याकडे रेस म्हणजे चौखूर पळणारा घोडा. गाडी ओढत, दुडक्या चालीनं पळायचं आणि चाल मोडली तर मागे पडायचं, असली रेस त्यांनाही पटत नाही, म्हणतात "मग ती काय रेस, ती वरात."

माझी अडचण अशी की डॅन पॅच एकही शर्यत हरला नाही वगैरे सगळं मिळालं, पण मेल्यावर त्याची कबरसुद्धा नीट नाही, त्याची पिल्लं फार काही चमकली नाहीत, आणि ज्या रेकॉर्डवर त्याचं नाव चालतं ते रेकॉर्ड अधिकृत धरलंच गेलं नव्हतं म्हणे. मग मागे राहिलं काय त्याचं? गौरव करायचा म्हणजे नेमका कशाचा? आणि ही रेस दोन ओळींत समजावायची कशी? कोणी या विषयातलं असेल तर प्लीज लिहा, २० तारखेला मजकूर द्यायचाय.

---

मोतद्दार

अरे वा, इथे कोणीतरी हार्नेसबद्दल विचारेल असं वाटलं नव्हतं. बाबांना आधी एवढंच सांग की ही वरात १ मैल म्हणजे १६०९ मीटर जाते आणि तेही दोन मिनिटांच्या आत. महालक्ष्मीला १६०० मीटरला चांगला घोडा १ मिनिट ३५-४० सेकंद घेतो, तो चौखूर पळून. इथे घोडा चौखूर सुटला की ड्रायव्हरला लगाम खेचून त्याला परत चालीवर आणावं लागतं, तोपर्यंत बाकीचे पुढे निघून जातात. म्हणजे घोड्याला जे मनापासून करावंसं वाटतं तेच करायची बंदी आणि वर वेग पाहिजे. माझ्या मते हे जास्त अवघड आहे पण असो, महालक्ष्मीवाले ऐकणार नाहीत.

चाली दोन. ट्रॉटरचे तिरके पाय एकदम पडतात, पुढचा उजवा आणि मागचा डावा, म्हणजे आपली दुडकी. पेसरचे एका बाजूचे दोन्ही पाय एकदम, मग दुसऱ्या बाजूचे दोन्ही, त्यामुळे तो डावी-उजवीकडे डुलत जातो. सारंगखेड्याच्या बाजारात रवाल चालीचा घोडा म्हणतात तो साधारण याच घराण्यातला प्रकार. डॅन पॅच पेसर होता. या जातीला स्टँडर्डब्रेड म्हणतात कारण १८७९ साली नोंदणीसाठी एक ठरावीक वेळ लावून दिली, ट्रॉटरला मैलाला अडीच मिनिटं. महालक्ष्मीला पळतात त्या थरोब्रेड जातीचं सगळं आईबापावर, इथे सुरुवातीला घड्याळ बघून जात ठरायची. माणसांत असं झालं असतं तर किती बरं झालं असतं.

आता डॅन. १८९६, इंडियाना राज्यातलं ऑक्सफर्ड नावाचं गाव, मालक गावातला दुकानदार. बाप 'जो पॅचन' हा नावाजलेला रेसचा घोडा होता पण आई झेलिका साधीच. शिंगरू जन्मलं ते पाय वाकडे घेऊन, पहिल्यांदा दूध प्यायला उभं राहायचं तर माणसांनी धरावं लागलं. मोठा झाल्यावरही मागचा डावा पाय असा बाहेर फेकायचा की गाडीच्या चाकाला लागायचा, म्हणून त्याच्यासाठी जास्त रुंद गाडी वापरायला लागले. तुझ्या लेखात हे टाकच. चाकाला खूर घासतोय तर घोडा बदलायच्या ऐवजी गाडी बदलली, हे मला त्याच्या सगळ्या रेकॉर्डपेक्षा आवडतं.

पहिली शर्यत चार वर्षांचा असताना, १९०० साली, गावाजवळच्या जत्रेत. दोन वर्षांत तो एवढा पुढे गेला की २० हजार डॉलरला विकला गेला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी मिनियापोलिसच्या सॅव्हेज नावाच्या गुरांचं खाद्य बनवणाऱ्या कारखानदाराने ६० हजाराला घेतला. १९०२ चे ६० हजार डॉलर, लक्षात घे. बाकीचे मालक त्याच्यासमोर घोडे उतरवायलाच तयार होईनात, मग उरलेली वर्षं तो माणसांसमोर एकटाच घड्याळाशी पळाला.

---

पावभाजी_एक्स्ट्रा_बटर

समोर कोणी नाही, एकटाच पळतोय आणि तरी लोक तिकीट काढून बघतायत. आमच्या वॉर्डच्या निवडणुकीची आठवण झाली 😄

---

निवांत_बोरिवली

परळकर, राग मानू नका, पण कबर नाही आणि वंश नाही हे रडगाणं बाजूला ठेवा आणि एक उलटं उदाहरण बघा. हॅम्बलटोनियन नावाचा घोडा, १८४९, न्यूयॉर्क राज्यात. गडी म्हणून राबणाऱ्या रिसडिक नावाच्या माणसाने मालकाकडून लंगडी घोडी आणि तिचं शिंगरू मिळून १२५ डॉलरला घेतलं, तेच हे. शर्यतीत याने नाव काढलं असं काही नाही. पण पिल्लं १३३१ आणि आजचे अमेरिकन ट्रॉटर-पेसर जवळपास सगळे फिरून त्याच्याकडेच जातात. त्याच्या नावाची हॅम्बलटोनियन स्टेक्स १९२६ पासून चालू आहे, ट्रॉटरसाठी तीच डर्बी, म्हणजे सगळ्यात मानाची शर्यत. चेस्टर गावात त्याचं ग्रॅनाइटचं स्मारकही उभं केलंय. म्हणजे ज्याने धावून काही केलं नाही त्याला स्मारक, आणि ज्याला कोणी हरवलं नाही त्याची जागासुद्धा माहीत नाही.

आणि तिसरा ग्रेहाउंड. हा ट्रॉटर, करड्या रंगाचा, लहानपणीच खच्ची केलेला त्यामुळे वंशाचा प्रश्नच मिटला. पिल्लू असताना ९०० डॉलरला गेला होता. १९३५ ची हॅम्बलटोनियन जिंकली आणि १९३८ ला लेक्सिंग्टनला मैल पळाला १ मिनिट सव्वापंचावन्न सेकंदात. ट्रॉटरचं ते रेकॉर्ड १९६९ पर्यंत टिकलं, आणि तोपर्यंत घोडा मरून चार वर्षं झाली होती. निवृत्त झाल्यावर त्याला खास तबेला होता आणि लोक त्याला बघायला यायचे, भेट देणाऱ्यांची सही घ्यायला वही ठेवलेली.

माझं म्हणणं एवढंच की वंश, शर्यत आणि घड्याळ ही तीन वेगळी खाती आहेत, एका घोड्याच्या तिन्ही खात्यात शिल्लक असेल असं नाही. तुम्ही डॅन पॅचच्या लेखात वंशाचं खातं उघडूच नका.

---

खिडकीपाशी

मी जरा वेगळं बोलते. मुळात हा गौरव कोण कोणाचा करतंय? सॅव्हेजने त्या घोड्याच्या नावावर तंबाखू विकली, वॉशिंग मशीन विकलं, कॅलेंडरं वाटली, आणि सगळ्या गावांतून त्याला ट्रेनने फिरवलं. घोड्याला यातलं काय मिळालं? आपल्याकडे व्हिक्टोरिया गाड्या २०१५ ला हायकोर्टाने बंद करायला सांगितल्या तेव्हा पण "मुंबईची शान" म्हणून गळे काढणारे खूप होते, पण त्या घोड्यांच्या पाठीवरचे घट्टे किती जणांनी जवळून बघितले होते? मरीन ड्राइव्हला मे महिन्याच्या दुपारी डांबरावर उभे असायचे, तोंडाला फेस, आणि मागे चंदेरी पत्र्याची फुलं लावलेली गाडी. फोटो छान यायचा.

लेख लिहू नका असं नाही म्हणत मी. पण "महान", "अजरामर" वगैरे लिहिताना एक परिच्छेद बाकीच्या घोड्यांबद्दल पण येऊ दे, ज्यांचं नाव कुठेच नाही. अमेरिकेत रेसमधून काढलेले कितीतरी स्टँडर्डब्रेड आमिश लोक बग्गीसाठी घेतात, म्हणजे रिटायर होऊन पुन्हा गाडीलाच.

---

मोतद्दार

@खिडकीपाशी मुद्दा बरोबर आहे आणि तो लेखात यायला पाहिजेच. फक्त डॅनच्या बाबतीत एक गोष्ट बघा, त्या काळात साध्या घोड्याचे हाल काय असायचे आणि हा कसा राहिला. त्याला स्वतःचा रेल्वेचा डबा होता. सॅव्हेजच्या फार्मवरचा तबेला हिवाळ्यात गरम ठेवायचे, मधोमध कांद्यासारखा घुमट, आणि लोक त्या तबेल्याला काय म्हणायचे माहितीय? ताजमहाल! खरंच. शिवाय बर्फात सराव चुकू नये म्हणून अर्ध्या मैलाचा छप्पर घातलेला ट्रॅक. त्यात मालकाचा धंदा होता हे उघडच आहे, सोन्याचं अंडं देणाऱ्या कोंबडीला कोण उपाशी ठेवेल. पण घोडा शांत स्वभावाचा होता, गर्दीला बुजायचा नाही, लोक हात लावायला यायचे तरी उभा राहायचा, हे त्या काळच्या बऱ्याच जणांनी सांगितलंय. घट्टे पडलेला घोडा असा उभा राहत नाही. घोडा कान मागे पाडतो, मागचा पाय उचलून धरतो, पोट कातडीसकट थरथरवतो, खरारा करणाऱ्याला हे पहिल्या मिनिटात कळतं.

आता ते रेकॉर्ड, परळकर. ८ सप्टेंबर १९०६, मिनेसोटा स्टेट फेअर, ९३ हजार माणसं. भरलेलं वानखेडे तीनदा मोजा म्हणजे अंदाज येईल. डॅन मैल पळाला बरोबर १ मिनिट ५५ सेकंदात. पण त्याच्या पुढे वेग धरायला एक चौखूर पळणारा घोडा गाडीसकट ठेवलेला होता आणि नियम तोवर बदललेला होता की असा पुढाऱ्या घोडा चालणार नाही, त्यामुळे संघटनेने नोंद घ्यायला नकार दिला. पुढच्या घोड्याच्या आडोशाने वारा कमी लागतो, सायकल रेसवाल्यांना विचार. अधिकृत वेळ धरली जाते ती आदल्या वर्षीची, १ मिनिट सव्वापंचावन्न.

सॅव्हेजने काय केलं? त्याने सरळ १:५५ छापायला सुरुवात केली, सगळीकडे, पोस्टरवर, डब्यांवर. आणि लोकांनीही तेच धरलं. पाव सेकंदाचा वाद, पण तीन दशकं उलटली तरी पेसरला कोणाला ते १:५५ गाठता आलं नाही, १९३८ ला बिली डायरेक्टने गाठलं तेव्हा कागदावरचा प्रश्न संपला. निवांत म्हणतायत तो ग्रेहाउंडचा सव्वापंचावन्न त्याच्या दुसऱ्याच दिवशीचा आणि त्याच ट्रॅकवरचा, हे पण गंमत म्हणून टाक.

---

परळकर

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. ताजमहालवर तर काका पण खूश होतील. @खिडकीपाशी तुमचा परिच्छेद नक्की टाकतो, आजोबांच्या चाळीखाली व्हिक्टोरियावाले उभे असायचे, आई अजूनही सांगते की संध्याकाळी घोड्यांना पाण्याच्या हौदावर सोडायचे तेव्हा पोरं गॅलरीत जमायची.

मोतद्दार, शेवट काय झाला त्याचा ते पण सांगा ना, मला दोन ठिकाणी दोन प्रकार वाचायला मिळाले.

---

मोतद्दार

जास्त फरक नसणार, मुख्य गोष्टी सगळीकडे सारख्याच आहेत. ११ जुलै १९१६ ला डॅन गेला, वीस वर्षांचा होता. सॅव्हेज तेव्हा साध्याशा ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये होता, तो दुसऱ्या दिवशी १२ जुलैला गेला. लोकांनी लगेच "घोड्याच्या दुःखाने" वगैरे जोडलं आणि गोष्ट तशीच चालत आली, तू मात्र तारखा दे आणि सोडून दे, वाचणारा काय जोडायचं ते जोडेल. घोड्याला फार्मजवळ कुठेतरी पुरलं, वर काही खूण नाही, त्यामुळे आज नेमकी जागा कोणाला दाखवता येत नाही.

पण तू जे विचारलंस ना, मागे राहिलं काय. सॅव्हेज नावाचं गाव आहे मिनेसोटात, आधी त्याचं नाव हॅमिल्टन होतं, १९०४ ला मालकाच्या नावाने बदललं. पण तिथे दरवर्षी जो उत्सव होतो तो डॅन पॅच डेज. मालकाच्या नावाच्या गावात घोड्याची जत्रा! जन्मगाव ऑक्सफर्डलाही डॅन पॅच डेज होतातच. ज्या फेअरच्या मैदानात तो पळाला तिथल्या मुख्य रस्त्याचं नाव डॅन पॅच अव्हेन्यू. आणि अमेरिकेत हार्नेसमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम घोड्यांना जे पुरस्कार देतात त्यांचं नावच डॅन पॅच पुरस्कार. ज्याचं रेकॉर्ड नाकारलं त्याच्याच नावाने बाकीच्यांना बक्षीस.

---

निवांत_बोरिवली

बरोबर. आणि न्यूझीलंडचा कार्डिगन बे पण घ्या हवं तर एका ओळीत. हा पण खच्ची, उमेदीत असताना पर्थला अपघातात कंबर मोडल्यासारखी झाली, नितंबाचं हाड शेवटपर्यंत एका बाजूला खाली दिसायचं, तरी अमेरिकेत जाऊन १९६८ ला दहा लाख डॉलर कमावणारा पहिला स्टँडर्डब्रेड ठरला. न्यूझीलंडने १९७० ला त्याच्यावर पोस्टाचं तिकीट काढलं. जिवंत असताना! तो १९८८ पर्यंत जगला. गौरव असा तरी पाहिजे, घोडा गवत खातोय आणि त्याचं तोंड पाकिटावर.

नायट्रॉस या पेसरचं मात्र मला तेवढं पटलं नाही. १९८० मध्ये मैलाला १ मिनिट ५० च्या आत जाणारा पहिला, आधीच्या रेकॉर्डपेक्षा जवळपास तीन सेकंद कमी, घोडा अफाटच. पण १९९६ ला, एकोणीस वर्षांचा झाल्यावर त्याला ट्रेलरमध्ये घालून ट्रॅकमागून ट्रॅक फिरवला, लोकांनी बघावं म्हणून. लोक रडले वगैरे ठीक आहे, पण म्हाताऱ्या घोड्याला हायवेवर काय मजा येणार. इथे मी खिडकीपाशींच्या बाजूने.

---

तिसरी_लाइन

उशिरा आलो. आपल्या गावात घोड्याचा पुतळा म्हणजे काळा घोडा. पण मूळ पुतळ्यात घोडा सातव्या एडवर्डच्या बुडाखाली होता, लोकांनी नाव मात्र घोड्याचं ठेवलं, राजाचं नाही. तो पुतळा १९६५ ला हलवला, आता राणीच्या बागेत आहे, आणि २०१७ ला जो नवा बसवला त्यावर कोणी स्वारच नाही. सॅव्हेज गावातल्या डॅन पॅच डेजला हे जोडून द्या, अंक मुंबईचा आहे तर वाचणाऱ्याला धागा मिळेल. महालक्ष्मीचं पण घ्या थोडं, १८८३ चं रेसकोर्स, १९४३ पासून डर्बी, आणि आता अर्धी जागा पार्कसाठी जातेय, निदान एखाद्या वाटेला तरी जिंकलेल्या घोड्याचं नाव द्यायला काय हरकत आहे. नाहीतर ठरलेलंच, नगरसेवकांच्या तीर्थरूपांचं नाव लागेल.

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. "कधीच हरला नाही" असं मोघम लिहू नका, कोणीतरी पत्र पाठवेल. त्या काळी एक शर्यत म्हणजे एकाच दुपारी तीन-तीन, कधी पाच हीट म्हणजे फेऱ्या, ज्याच्या जास्त हीट त्याची शर्यत. डॅन आयुष्यात दोन हीट हरला, शर्यत एकही नाही. पहिल्या हीटला मागे पडून त्याच दुपारी पुन्हा गाडीला जुंपून जिंकणं हे "अजिंक्य" या शब्दापेक्षा भारी वाटतं वाचायला.

---

पावभाजी_एक्स्ट्रा_बटर

आणि आताचे किती वेगात जातात? म्हणजे डॅन आज आला तर?

---

मोतद्दार

२०२२ ला बुलडॉग हॅनोव्हर नावाचा पेसर मेडोलँड्सच्या ट्रॅकवर १ मिनिट ४५ आणि चार पंचमांश सेकंदात गेला. म्हणजे ११६ वर्षांत साधारण सव्वानऊ सेकंद कमी झाले. पण त्यात गाडी किती हलकी झाली, ट्रॅकची माती कशी बदलली, नाल, खुराक, पैदास, सगळं आलं. डॅनच्या जन्माआधी जेमतेम चार-पाच वर्षं गाडीला हवेची सायकलची चाकं लागली होती, त्याआधी मोठी लाकडी चाकं. वेगळ्या काळातले घोडे एका ट्रॅकवर उभे करायचे हा खेळ टपरीवर बरा, छापायला नको.

---

परळकर

सगळ्यांचे मनापासून आभार. हीटचा मुद्दा टाकतोय, काळा घोडा पण, कार्डिगन बेचं तिकीट जागा उरली तर. बाबांना काल रात्री वाकडा पाय आणि रुंद गाडीचं वाचून दाखवलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं "ड्रायव्हर कोण होता?" म्हटलं १९०६ ला हॅरी हर्सी. तर म्हणाले ते पण लिही, घोड्याबरोबर माणसाचं नाव जातंच रेसबुकात. वरात म्हणणं अजून सोडलेलं नाही.

काकांशी तडजोड झाली आहे. माझी दोन पानं राहिली, फक्त दुसऱ्या पानाच्या तळाशी चेतकवर त्यांची आठ ओळींची कविता येणार आहे. बॉर्डर टाकून.